डावा खिसा

मामाने काचेच्या बाटलीवर खडूने चौथी रेघ ओढली आणि ती भाचीपुढे सरकवली. तिने घड्याळाकडे पाहिलं, बाटली तोंडाला लावली आणि पाणी बरोबर रेघेपाशी आलं तशी खाली ठेवली.

"असं माप माझ्या गिऱ्हाइकांना कळलं असतं तर!" तो बहिणीला म्हणाला.

बहीण हसली नाही. तिचं लक्ष मुलीच्या राखाडी जाकिटाकडे होतं. जाड लोकरीचं, आतून अस्तर, गळ्यापर्यंत बटणं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं.

मुलगी नऊ वर्षांची. शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारख्या जागच्या जागी गिरक्या घेते म्हणून शिंपी मामाने तिचं नाव बॉबिन ठेवलेलं. ती स्वमग्न होती. उकडतंय, तहान लागलीय, हे तिचं अंग तिला वेळेवर सांगत नसे. काल याच दुकानात ती उभ्या उभ्या कोसळली होती. डॉक्टरांनी पाण्याच्या वेळा ठरवून दिल्या आणि बजावलं, ते जाकीट उतरवा, पुढच्या खेपेला इतक्यावर भागायचं नाही.

"ओढून काढू या का?" बहिणीने हळूच विचारलं.

"गेल्या वर्षी काढलं होतंस ना?"

तिने मनगटावरचा दातांचा व्रण बोटांनी झाकला. "मला चावली त्याचं काही नाही रे दादा. दोन तास ओरडत होती. घसा बसला पोरीचा."

मामाने आज सकाळी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून मलमलीचं जाकीट बेतलं होतं. तोच राखाडी रंग, तशीच बटणं. नव्या कापडाची खळ टोचू नये म्हणून आधी चारदा धुतलेलं. मानेला टोचणारी पट्टी नाही. आता त्याने ते पुढे धरलं. बॉबिनने हुंगलं, गालाला लावलं, जुनं उतरवून ते अंगात घातलं. डावा हात खिशात गेला. तिथे काही तरी चाचपत राहिला. मग नवं जाकीट जमिनीवर आणि जुनं पुन्हा अंगावर.

"नाही," ती म्हणाली.

"घ्या, पालथ्या घड्यावर पाणी," बहीण म्हणाली आणि जाकीट उचलून झटकत बसली. जरा जास्तच वेळ.

दुपारी बॉबिन मागच्या न्हाणीत गेली. अंघोळीपुरतं जुनं जाकीट खुंटीवर राहायचं. दहा मिनिटं, एकही जास्त नाही. मामाने ते उतरवलं आणि तिच्यासारखाच डावा हात खिशात घातला.

खिसा तळाशी फाटलेला होता. त्याला ते ठाऊक होतं, शिंप्याच्या भाचीने असं फिरावं याची लाजही वाटत होती. म्हणूनच तर नव्याच्या खिशाला त्याने आवर्जून दुहेरी टीप मारली होती. आता भोकातून बोट अस्तराच्या आत गेलं आणि एका गुंडाळीला लागलं. त्याने ती बाहेर काढली. मापाची टेप. दोन वर्षांपूर्वी हरवलेली, जिच्यापायी त्याने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. बोटं फिरून फिरून पहिले आकडे पुसून गेले होते.

"दादा, पाच मिनिटं राहिली."

त्याने पातं घेतलं आणि नव्या खिशाच्या तळाची सकाळची टीप उसवायला लागला. तीस वर्षांत फाटकं पुष्कळ शिवलं होतं, धड खिसा मुद्दाम फाटका करायची ही पहिलीच वेळ. हात दोनदा अडला. आतून मलमलीची पट्टी जोडून त्याने पोकळी केली, टेप तीत सरकवली आणि जुन्याच्या जागी नवं जाकीट खुंटीला लावलं.

ओल्या केसांनी बॉबिन आली. खुंटीकडे बघत उभी राहिली. बहिणीने दाराची चौकट घट्ट धरली.

जाकीट अंगात गेलं. डावा हात खिशात गेला. बोट उतरलं, थांबलं, आणि मग तिचे वर ओढलेले खांदे सावकाश खाली आले.

ती खुर्चीत बसली, घड्याळाकडे पाहिलं आणि बाटली ओढून घेतली.

संध्याकाळी एक जुनं गिऱ्हाईक माप द्यायला आलं. त्याची नजर पोरीवर गेली.

"काय मास्तर, दिव्याखाली अंधार! भाचीच्या फाटक्या खिशातून खाली गेलेलं बोट मलमलीतून दिसतंय."

मामाने गळ्यातली टेप काढली.

"फाटका नाही हो तो. तसा शिवायला मला सबंध दिवस लागला," तो म्हणाला. "हात वर करा."