गुलाब विसरलेला जिवाणू

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाशी दगा केला, तर पाप लागत नाही, असे तुम्ही समजता काय?

मी एक जिवाणू आहे. सुईच्या अग्रावर माझे हजारो भाऊबंद मावतात. भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात मृणालीताईंनी सहा वर्षे खपून मला गुलाब शिकवला. त्या फुलाच्या पेशीतला एक जनुक, म्हणजे एक धडा, त्यांनी माझ्यात घातला आणि साखर खाऊन मी अत्तराचा गंध देऊ लागलो. माझ्या एका भावंडाला त्या इंधन करायला शिकवीत होत्या. ते अजून अडखळत होते.

आमचे बीज एकाच कुपीत, फ्रीझरमध्ये जपलेले. शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग बंद, म्हणून वीजही बंद. त्या दिवशी आमचा प्राण जनरेटरवर. राखणीला पाड्यावरचा गडी वाघ्या.

२००८ च्या मे महिन्यात गोदामाचे मालक केसरीनाथ यांच्या मुलाची हळद शुक्रवारीच आली. माणसे घेऊन ते जनरेटर न्यायला आले.

"शेठ, ताई बोलल्यात, ह्यो हलवायचा न्हाय," वाघ्या म्हणाला.

"बर्फाची पेटी ती, तिला काय लगीन लागायचं हाय? पोराची हळद काय कंदिलावर लावू? तू पण जेवायला ये."

फ्रीझर तापला. आम्ही उपाशी जागे झालो. गुलाबाचा धडा जड होता. जगण्यासाठी आम्ही तो टाकला.

सोमवारी ताईंनी कुपी उघडली. आंबट वास आला.

"काका, जनरेटर बंद होता?" त्यांनी केसरीनाथांना विचारले.

"न्हाय बाय. ह्या वाघ्यानं डिझेल इकलं."

"देवीची आण घ्याल, शेठ?" वाघ्याने विचारले.

केसरीनाथांनी गावदेवीच्या दिशेला हात जोडून आण घेतली. वाघ्याला त्याच दिवशी काढले.

ताईंनी तीन महिने मला वाढवून पाहिले. मी वाढलो, गुलाब आला नाही. त्या गोदाम सोडून गेल्या, तेव्हा कपाट पुसून कुपी त्यात ठेवून गेल्या. मी त्याच कपाटात, कुपीच्या तळाशी, साय होऊन पडलो आहे. कोणी साखर दिली, तर खाईन. परत देण्यासारखे काही उरलेले नाही.

पुढचे गोदामातल्या हमालांच्या तोंडून ऐकले. पुढच्या चैत्रात गावदेवीची जत्रा भरली. पालखीचा पहिला खांदा पाच पिढ्या केसरीनाथांच्या घराचा. ते पुढे झाले, तेव्हा गावातले वृद्ध राघो आडवे उभे राहिले.

"त्याच जनरेटरच्या उजेडात आम्ही सगले तुझ्या मांडवात जेवलो, केसरीनाथ. देवीची खोटी आण घेतलीस. बाजूला हो."

कोणी केसरीनाथांची बाजू घेतली नाही. ते बाजूला झाले. पहिला खांदा दुसऱ्या घराला गेला, आणि तो आजतागायत परत आलेला नाही.