केशोरीची निर्मला बोलून राहिली

"नाव सांगा," निर्मलाबाईंनी दवाखान्याच्या खिडकीतून म्हटलं आणि पेन कागदावर टेकवलं.

खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्याने नाव सांगितलं नाही. मागे रांग खोळंबली होती, कोणाचं तरी पोर रडत होतं. निर्मलाबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला.

"तूच होय," तो म्हणाला. "हाच आवाज. मी यादोराव, सालेकसावरून आलो. पार्वता गेली."

निर्मलाबाईंना कुठलीच पार्वता आठवेना. पण ज्या अर्थी हा माणूस सालेकसाहून गोंदिया आणि गोंदियाहून अर्जुनी अशा दोन गाड्या बदलून, पुढे बसने केशोरीच्या दवाखान्यापर्यंत आला होता, त्या अर्थी ती त्यांना आठवायला हवी होती. त्यांनी त्याला मागच्या पाण्याच्या टाकीजवळ बसायला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत येते म्हणाल्या, आणि पुढच्या बाईचा केसपेपर लिहायला घेतला. त्यात वय चुकलं.

हे असं व्हायचंच होतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा विद्यापीठाने आणि पुण्याच्या एका कंपनीने मिळून बीपी-शुगरच्या रोग्यांवर अभ्यास सुरू केला होता. डॉक्टर लांब, रोगी रानावनात, म्हणून फोननेच विचारपूस करायची आणि गोळ्या घेतल्या की नाही ते पाहायचं. सुरुवातीला त्या फोनवर पुण्याकडची एक गोड बाई बोलायची. लोकांना वाटलं कर्जवालीचा फोन आहे, आणि ते धडाधड फोन ठेवू लागले. प्रोफेसर मंडळी हवालदिल झाली. त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारी नीतू म्हणून एक गोंदियाची मुलगी होती. ती एकदा केशोरीच्या रांगेत उभी असताना तिने निर्मलाबाईंना रोग्यांवर खेकसताना ऐकलं आणि हाच आवाज पाहिजे म्हणून हट्ट धरला.

मग निर्मलाबाईंना गोंदियाला नेऊन एका बंद खोलीत बसवलं. समोर लिहिलेली वाक्यं होती, ती त्यांनी आपल्या बोलीत म्हणायची. 'नमस्कार. मी केशोरीची निर्मला बोलून राहिली. जेवण झालं का? गोळी घेतली असन तं एक दाबा.' सगळं झाल्यावर, कोणाकडून उठताना आपण म्हणतोच तसं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, 'आणखी का गोठ आहे, सांगजा.' आणखी काही गोष्ट असेल तर सांगा, हे लिहिलेलं नव्हतं. पण कंपनीच्या पोराला ते फार आवडलं. त्याने ते ठेवलं आणि त्यापुढे लोकांना बोलायला भरपूर मोकळी जागा सोडली.

त्यानंतर कोणी फोन ठेवीना. नागपूरच्या कार्यक्रमात पडद्यावर एक रेघ वर वर जाताना दाखवली, लोक आता फोनवर किती वेळ थांबतात त्याची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निर्मलाबाईंच्या खांद्यावर शाल आली. लोक का थांबतात, ते मात्र कोणी विचारलं नाही. मशीन हिंदीत बोलतं, पुण्याच्या मराठीत बोलतं, आपल्या झाडीबोलीत कधी कोणतं मशीन बोललंय? जी बाई 'गोठ सांगजा' म्हणते ती बाईच असणार, असा सरळ हिशेब होता. तेव्हा लोक गोठ सांगत बसले.

निर्मलाबाईंना हे बाजारात कळायला लागलं. अनोळखी बाया हात धरून म्हणायच्या, तुले गुडघ्याचं सांगतलं होतं, तू काहीच बोलली नाई. पहिल्यांदा त्यांना गंमत वाटली, मग बरंही वाटलं. खोटं कशाला बोला. नवरा जाऊन किती वर्षं झाली, मुलगी रचना लग्न होऊन भिलाईला. सारा जिल्हा आवाज ओळखतो आणि दाराची कडी कोणी वाजवत नाही, अशी त्यांची गत होती. बीपीच्या गोळ्या त्यांनाही चालू होत्या, म्हणून फोनच्या यादीत त्यांचाही नंबर होता. ठरल्या दिवशी त्यांचाच आवाज त्यांना जेवण झालं का विचारायचा आणि त्या हो म्हणायच्या. दुसरं कोणी विचारणारं नव्हतं.

सुट्टी झाल्यावर त्या डबा घेऊन टाकीजवळ गेल्या. यादोराव पायरीवर बसले होते. त्यांनी भाकर नको म्हटलं, पाणी मात्र दोनदा मागून घेतलं. पार्वताबाई शेतात धानाच्या बांधीत वाकल्या त्या उठल्याच नाहीत, हे त्यांनी आधी सांगितलं. मग येण्याचं कारण सांगितलं. तेराव्याला सगळ्यांना निरोप गेले, पण बायकोच्या एवढ्या जवळच्या मैत्रिणीचा पत्ता घरात कोणाला ठाऊक नव्हता. मध्ये दोन-तीनदा त्या मैत्रिणीचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते. आज मंगळवार, आज पुन्हा वाजणार, त्याआधी आपण समोर जाऊन सांगावं म्हणून ते पहाटेच निघाले होते. पार्वता फोन उचलायची तेव्हा 'केशोरीची निर्मला' एवढं ओसरीपर्यंत ऐकू यायचं, तेवढ्यावर ते गावात विचारत आले होते.

निर्मलाबाईंनी हातातला घास परत ठेवला. त्यांनी डबा बंद केला.

यादोराव मग खाली बघत बोलू लागले. भावाशी वाटणी झाली तेव्हा मागच्या आवारातलं मोहाचं झाड त्यांनी भावाला देऊन टाकलं होतं. भांडण मिटवायचं होतं, आणि आपली झाडं पुष्कळ आहेत असं त्यांना वाटलं. पण ते झाड पार्वताबाईंचं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्याची मोहफुलं त्याच वेचायच्या. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं. जेवायला चला, गाय सोडा, तेल संपलं. बाकी काही नाही. आणि हीच बाई मंगळवारी नि शुक्रवारी फोन घेऊन मागच्या आवारात जायची, हातवारे करून बोलायची, कधी हसायचीसुद्धा.

"मले एवढंच सांग," यादोराव म्हणाले. "त्या झाडाचं तिनं काय सांगतलं तुले? मनातून काढलं होतं का नाई?"

निर्मलाबाईंना खोटं बोलता आलं असतं. काढलं होतं हो भाऊ, मनात काही ठेवलं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं, आणि म्हातारा हलका होऊन परत गेला असता. शब्द ओठांवर आलेही होते. पण कोण कुठली पार्वताबाई, जिचा चेहरा आपण पाहिला नाही, तिच्या वतीने क्षमा करणारे आपण कोण, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी नीतूला फोन लावला. बायांचं बोलणं कुठे साठवून ठेवता का, म्हणून विचारलं. नीतूने सांगितलं की नाही, परवानगीशिवाय कोणाचा आवाज ठेवता येत नाही, तसा नियमच आहे. कोणतं बटण दाबलं आणि फोन किती वेळ चालला, तेवढंच राहतं. पार्वताबाईंचा फोन नेहमी शेवटपर्यंत चालायचा, हेही तिने यादी बघून कौतुकाने सांगितलं. निर्मलाबाईंनी तिला बातमी दिली नाही. फोन ठेवला.

"भाऊ, मी काही ऐकलं नाई," त्या म्हणाल्या. "माझा आवाज भरून ठेवला आहे. मशीन लावते फोन. तिकडून कोणी काय म्हणते, मले मालूम होत नाई."

यादोरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उलट निवळला. "तिनं शप्पथ घातली असन," ते म्हणाले. "बरोबर आहे. बायांच्या गोष्टी. नको सांगू."

निर्मलाबाई पुन्हा समजावू लागल्या. ते ऐकून घेत होते, पण ऐकत नव्हते. मशीन कसं असेल? आवाज तर समोर बसला होता.

तेवढ्यात त्यांच्या बंडीच्या खिशातला फोन वाजला. बटणांचा, मागे रबर लावलेला, पार्वताबाईंचा. यादोरावांनी तो काढला आणि निर्मलाबाईंकडे पाहिलं. निर्मलाबाईंचे दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी हात पुढे करून हिरवं बटण दाबलं, स्पीकर लावला आणि फोन दोघांच्या मधे पायरीवर ठेवला.

"नमस्कार. मी केशोरीची निर्मला बोलून राहिली. जेवण झालं का?"

निर्मलाबाई ओठ घट्ट मिटून बसल्या. यादोराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. फोनमधली बाई गोळीचं विचारत होती, एक दाबा म्हणत होती, आणि समोरची बाई गप्प होती. असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी फोन म्हणाला, "आणखी का गोठ आहे, सांगजा."

यादोराव वाकले. "पार्वता गेली," ते फोनला म्हणाले.

बराच वेळ काही आलं नाही. नळाचं पाणी तेवढं टाकीत पडत होतं. मग तोच आपुलकीचा आवाज म्हणाला, "बरं. मंग शुक्रवारी बोलू." आणि फोन बंद झाला.

यादोरावांनी फोन उचलला नाही. दुपट्ट्याच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करत होती.

"म्हणजे पार्वता एकटीच बोलत होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी ओसरीतच बसून राहत होतो. तिथूनच दिसत होती मले."

निर्मलाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. नीतूला सांगून नंबर काढून टाकते, आता हा फोन वाजणार नाही, असं त्या कसंबसं म्हणाल्या. यादोरावांनी फोन पुसून खिशात ठेवला.

"कायले काढतेस? वाजू दे," ते म्हणाले. "आता मी उचलतो."

मग ते उठले. थैलीतून वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं काहीतरी काढून त्यांनी निर्मलाबाईंच्या मांडीवर ठेवलं. तू एक दिवस येशील, असं पार्वता शेजारणींना म्हणत राहायची, एवढंच ते बोलले. आता हे देऊ का नको, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला, पण हात मागे गेला नाही. बस सुटायची वेळ झाली होती. ते फाटकातून बाहेर पडले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

खिडकीवर लोक टकटक करू लागले होते. निर्मलाबाईंनी सुतळी सोडली. आत मोरपंखी रंगाची सुती साडी होती, बाजारातली, साधीच. पाहुणीला द्यायची साडी घडीत असते तशीच देतात, पुढचं जिचं ती करून घेते. हिला मात्र फॉल लावून ठेवला होता, हाताने, बारीक टाके घालून. आली की लगेच नेसता यावी म्हणून.