हुसेनबीच्या पुंगळ्या

गडमुडशिंगीच्या नृसिंहरावांनी खिशातून काढलेलं काडतूस अल्लाउद्दीन मिस्त्रीच्या तळहातावर ठेवलं आणि ते न बसता ओसरीतच उभे राहिले.

"बंदुकीचा घोडा पडला, पर बार झाला न्हाय," ते म्हणाले. "डुक्कर उसातनं सुटलं ते सरळ आमच्या गड्यावर, आकारामावर. मांडी फाडली त्येची. वाचला, एवढंच."

मिस्त्रीने काडतुसाचं बूड अंगठ्याने चाचपलं. बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर ठोक्याचा खळगा चांगला खोल उमटला होता. म्हणजे बंदूक चुकली नव्हती.

"टोपीला तेल लागलंय," तो हळू म्हणाला. "माझी चूक, दादा."

आतल्या दाराच्या चौकटीला धरून त्याची बायको हुसेनबी ऐकत होती. चूक त्याची नव्हती, हे त्याला आणि तिला, दोघांनाच ठाऊक होतं.

मिस्त्रीची उमर कोल्हापूर दरबारच्या शिकारखान्यात काडतुसं भरण्यात गेली होती. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, तसा त्याने परवाना काढून बाराइमामाच्या दर्ग्याजवळच्या घरीच धंदा मांडला. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या लोक पिशवीतून आणून टाकत. त्या धुण्याचं काम पहिल्यापासून हुसेनबीकडे होतं. चिंचेच्या कोळात भिजवायच्या, राखेने घासायच्या, कढत पाण्यातून काढून उन्हात वाळवायच्या. मग एरंडेलाचं बोट फिरवून साच्यात दाबायच्या. बाराने फुगलेलं पितळ त्याने पुन्हा मापात येई. तेल कमी पडलं तर पुंगळी साच्यात अडकून बसे, जास्त झालं तर तिला पोचे येत. आणि साच्यातून निघाली की ते तेल सोड्याच्या पाण्याने समूळ काढावं लागे. आत थेंब जरी राहिला तरी टोपी मरे.

पुढे मिस्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक डोळा कापला तो गेलाच, दुसऱ्याने नुसता उजेड कळे. तेव्हापासून टोपी बसवणं, दारू मापणं, छर्रे भरणं, सगळं हुसेनबी करू लागली. गिऱ्हाईक आलं की मात्र फळीपुढे मिस्त्री बसे, हत्यारांवर हात ठेवून. "मिस्त्रीचा बार चुकत न्हाय," असं कुणी म्हणालं की ती आत चुलीपाशी बसून ऐकायची. मनातून फुलायची, पण कुणाला बोलून दाखवायची नाही.

आज ती चौकट सोडून पुढे आली.

"दादा, ते काडतूस मी भरलंतं."

"तू आत जा," मिस्त्री म्हणाला.

ती गेली नाही. "ह्येंचे डोळे गेल्यापास्नं मीच भरती. आमची लेक मेहमुदा बाळंतपणाला आलीया, पोर रडत हुतं म्हणून मी मधीच उठले. धुतलेल्या पुंगळ्यांत एक बिनधुतली ऱ्हायली आसंल. आकारामभावाचा पाय माझ्यामुळं फाटला. त्ये ह्येंच्या नावावर घालू नगा."

नृसिंहरावांनी मिस्त्रीच्या हातातलं काडतूस परत घेतलं. मग म्हणाले, "भाभी, मला राग न्हाय. पर उद्या डुकराम्होरं माणूस हुभा करायचा, तो कुणाच्या भरवशावर करू?"

"पुंगळ्यांची पिशवी ठेवून जावा. भरून आणती. तुमच्या मळ्यात, तुमच्यासमोर उडवा. एक जरी फुसकं निघालं तरी परत हात लावणार न्हाय."

पिशवी ठेवून ते गेल्यावर मिस्त्रीने ताटाला हात लावला नाही.

"सगळ्या गावात माझी लाज काढलीस," तो म्हणाला.

"खोटं बोलून ऱ्हायली आसती व्हय लाज?"

दुसऱ्या दिवशी ती अंगणात पुंगळ्या धुवायला बसली, तेव्हा तो चाचपत आला आणि शेजारी टेकला. वाळलेली एकेक पुंगळी हातात घेऊन आत करंगळी फिरवू लागला, नाकाशी धरू लागला. एक पुंगळी त्याने तिच्याकडे परत सरकवली.

"हिला वास हाय."

तिने ती पुन्हा धुतली. मनात म्हणाली, डोळे गेले, मिस्त्री गेला नाही.

काडतुसं भरून दोघं गडमुडशिंगीला गेले, तेव्हा नृसिंहरावांच्या मळ्यात आकाराम खोपीपुढे बाजेवर पडला होता. मांडीला जाड पट्टी होती. हुसेनबी आधी त्याच्यापाशी गेली.

"भाऊ, माझ्या हातानं झालं हे."

"डुकराच्या दातानं झालं, अक्का," आकाराम म्हणाला. "तुमचा हात कुठं एवढा लांब हाय?" मग त्याने खरं ते सांगितलं. "पर त्या वक्ताला मी तुमच्या मिस्त्रीला लई शिव्या दिल्या."

"त्या मला घालायच्या."

"बार वाजू द्या. मग बघू."

नृसिंहरावांनी बंदूक उचलली, तसा मिस्त्री पुढे झाला. "पयला बार माझ्या खांद्यावर. मला नुसतं मोकळ्या माळाकडं तोंड करून द्या."

टोपी मेली तर नुसती लाज गेली असती. दारूचं माप चुकलं असलं तर नळी फुटणार ती त्याच्या गालापाशी. भरलेली सगळी दारू हुसेनबीने मनात पुन्हा मापून पाहिली. मिस्त्रीने गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला, जणू रोज टेकवतो तसा.

बार झाला. माळावरून आवाज फिरून आला. दुसराही झाला. मग बंदूक नृसिंहरावांनी घेतली आणि पिशवी रिकामी होईतो ते उडवत राहिले. एकही फुसका निघाला नाही. बाजेवरून आकाराम म्हणाला, "आता शिव्या माघारी घेतो."

नृसिंहरावांनी गरम पुंगळ्या पिशवीत भरल्या. "ह्या परत धाडतो. कुणाच्या नावानं धाडू?"

मिस्त्रीने परक्या माणसासमोर बायकोचं नाव आजवर कधी उच्चारलं नव्हतं. "घरात" म्हणायचा, नाहीतर "मेहमुदाची आई".

"हुसेनबीच्या," तो म्हणाला.

परतताना कोल्हापूरच्या वेशीशी बाजाराची गर्दी लागली. रिवाजाप्रमाणे हुसेनबी दोन पावलं मागे राहिली. मिस्त्री थांबला.

"म्होरं हो," तो म्हणाला.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती पुढे झाली. काठी काखेत मारून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओळखीचे लोक वळून बघत होते. त्या भर बाजारातून ती सावकाश चालत राहिली, त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने.