बाटलीतलं पाणी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा वायरमन आठव्या किटसाठी स्टीलच्या पट्ट्या कापत होता. हातमोजे काढायचे राहिले होते, त्यामुळे फोन दोनदा हातातून निसटला. पलीकडे नर्स होती. तिने आधी त्याचं नाव विचारलं, मग पेशंटशी नातं विचारलं.

"तुम्ही या," ती म्हणाली. "सोबत कोणीतरी घेऊन या."

"त्रास वाढलाय का तिला?"

"तुम्ही लगेच या."

त्याने फोन ठेवला. हाती घेतलेली पट्टी शेवटपर्यंत कापली, कानशीने तिची धार घासली आणि ती बाकीच्या पट्ट्यांवर ठेवली. मग साबणाने हात धुतले आणि शर्ट बदलला. सोबत कोणीतरी घेऊन या, याचा अर्थ त्याला कळला होता. शर्टाची बटणं लावेपर्यंत तरी तो अर्थ बाहेर थांबावा असं त्याला वाटत होतं.

मेहुणा आपली जीप घेऊन आला. या मेहुण्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि वायरमनची गाडी दिसली की तो हमखास विचारायचा, "काय भाऊजी, आज टाकीत पाणी किती भरलं?" त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "माझ्या गाडीत बसा." वायरमनची बायको नऊ दिवस तिथे होती. छातीत पाणी झालं होतं. दहाव्या दिवशी सकाळी सव्वादहाला गेली.

बारा दिवस वायरमनची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. तेराव्या दिवशी हॉस्पिटलमधून कागद आणि बायकोची पिशवी आणायची होती. मुलगी रजा घेऊन आलेली होती, ती शेजारी बसली. तिने पट्टा लावला, त्याने चावी फिरवली. इंजिन लागलं, एकदा ठसकलं, आणि बॉनेटच्या आतून कोणीतरी घण घालावा तसा आवाज झाला.

बॉनेट मधोमध वर आलं होतं. मुलीने दोन्ही हात कानांवर घेतले होते आणि ते ती खाली घेत नव्हती.

"बाहेर हो," तो म्हणाला. "लांब उभी राहा."

त्याने बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि मगच बॉनेट उघडलं. डबा एका बाजूने फाटला होता, त्यातलं कॉस्टिक सोड्याचं पाणी खाली ठिबकत होतं. बाटलीचं झाकण जागेवर नव्हतं. त्याचे तुकडे बॉनेटच्या अस्तरात रुतले होते आणि एक तुकडा रेडिएटरच्या नळीत शिरला होता.

हा डबा आणि ही बाटली म्हणजेच त्याचं किट. डब्यात स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक घातलेलं पाणी. बॅटरीचा करंट सोडला की पाण्याचा गॅस होतो. हा गॅस नळीने बाटलीत येतो, बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे होऊन वर जातो आणि पुढे इंजिनात पेट्रोलबरोबर जळतो. पेट्रोल कमी लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. बाटली होती ती राखणीला. इंजिन कधी उलटं भडकलंच तर ज्वाळा बाटलीतल्या पाण्यात विझावी, मागे डब्यापर्यंत जाऊ नये.

त्याने बाटलीचा उरलेला बुडखा सोडवला आणि आत बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

"तुम्ही पाणी घातलं नव्हतं?"

"डब्यात घालतो की दर रविवारी. बाटलीत घालावं लागत नाही."

"लागत नाही कसं?" मुलगी म्हणाली. "आई रोज घालायची."

त्याने मान वर केली.

"रोज. तुम्ही आंघोळीला गेलात की. तिच्याकडे शाम्पूची एक रिकामी बाटली होती, त्यातून घालायची. मागच्या खेपेला मी विचारलंसुद्धा. तर म्हणाली, तुझ्या बाबांना सांगू नकोस. झाकणाला हात लावलेला दिसला तर घर डोक्यावर घेतील."

एकदा घेतलंही होतं त्याने. अगदी सुरुवातीला. तिने आत डोकावून झाकण सैल ठेवलं होतं आणि गॅस बाहेर येत होता. तेव्हा तो जे बोलला ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. ती घरात गेली होती, एवढंच.

चौदा महिने ती बाटली त्याला कायम भरलेली दिसली होती. त्यावरून त्याने एक वाक्य तयार केलं होतं आणि ते त्याला फार आवडायचं. गॅस पाण्यातून जातो, पाणी पीत नाही. हे वाक्य त्याने सात गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. सात गाड्यांना किटं बसवली होती. बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या बायको लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. 'महिन्यातून एकदा पाणी बघावे.' पहिली चिठ्ठी लिहिताना तिने पेन थांबवून विचारलं होतं, "महिन्यातून एकदाच?"

"रोजचं काम मागे लावलं तर घेईल कोण?" तो म्हणाला होता.

तिने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं होतं आणि सातही चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या.

आता त्याला एकच कळत नव्हतं. महिन्यातून एकदा बघितलं तर बाटली केव्हाच कोरडी पडायला हवी. मग या सातांपैकी एकाचंही आजवर काही कसं झालं नाही? पण त्याचा विचार करत बसायला वेळ नव्हता. त्याने पान्यांची पिशवी भरली, झाकणाचा एक तुकडा खिशात टाकला आणि बस पकडली.

टॅक्सीवाला स्टँडवर काच पुसत होता.

"या वायरमन! आता काय, हवेवर चालवायची का गाडी?"

"बॉनेट उघड."

"अहो, बसा तरी. चहा सांगतो."

"आधी उघड."

बाटली खुणेपर्यंत भरलेली होती. वायरमन वाकून बघत राहिला.

"यात पाणी कधी घातलंस?"

"सकाळीच. रोज घालतो. न घालून सांगतो कोणाला? दर सोमवारी वहिनींचा फोन. पाणी बघितलं का? हो म्हटलं की म्हणणार, नुसतं हो नको, जाऊन बघून या, मी फोन धरते." टॅक्सीवाला हसला. "माझी सख्खी बहीण एवढी चौकशी करत नाही. पण हल्ली आला नाही फोन. तीन सोमवार झाले. बऱ्या आहेत ना?"

वायरमनने पिशवीतून पाना काढला, परत आत ठेवला.

"ती वारली," तो म्हणाला. "आज तेरा दिवस झाले."

टॅक्सीवाल्याने हातातलं फडकं नीट घडी करून बॉनेटवर ठेवलं. मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला तेव्हा तो म्हणाला, "मला कळवायचं तरी."

"किट काढायला आलोय."

"काढायला? कशाला? झकास चाललंय. तीन किलोमीटर जास्त देते लिटरमागे."

"ते तुझ्या पायामुळे. पुढे गॅसची बाटली आहे या धाकाने तू गाडी हळू हाकतोस." वायरमनने हे आजवर मोठ्याने म्हटलं नव्हतं. बायको चालवायची तेव्हा ॲव्हरेज वाढायचं आणि तो स्वतः चालवायचा तेव्हा वाढायचं नाही, हे त्याने पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. तेव्हा त्याने दोष रस्त्याला दिला होता.

टॅक्सीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वायरमन, घरी जा. आराम करा. अशा दिवसांत माणसाला जिकडे तिकडे धोका दिसतो. माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर सिलिंडरचा नळ दहादा तपासायचो. आणि एवढंच वाटत असेल तर सोमवारचा फोन तुम्ही करत चला. मी बघत जाईन पाणी."

वायरमनने खिशातला तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"माझ्या बाटलीचं झाकण. शेजारी मुलगी बसली होती."

टॅक्सीवाल्याने तुकडा उलटासुलटा करून पाहिला. धारेवरून अंगठा फिरवला. मग बाजूला झाला आणि बॉनेट हाताने धरून ठेवलं, किट निघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याच्या टेम्पोत बाटलीच्या तळाला बोटभर पाणी सापडलं. "ताईंचा फोन नाही आला, म्हणून राहूनच गेलं," तो म्हणाला, आणि मग ताईंचं कळल्यावर इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसला. दोघांनी हुज्जत घातली, एकाने मुलीला फोन करून बाबांना सांभाळा म्हणून सांगितलं. वायरमन प्रत्येकासमोर तो तुकडा धरायचा आणि थांबून राहायचा.

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई मैदानावर भेटल्या. त्यांच्या गाडीत एक शिकाऊ मुलगी स्टिअरिंगला घट्ट धरून बसली होती आणि तिची आई मागच्या सीटवर होती.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "कालपासून गाडी फटफट करतेय. मी म्हटलं, हिच्या क्लचचे प्रताप."

"चावी काढा."

"एवढा एक राउंड होऊ दे की."

"बाई, चावी काढा आणि सगळ्यांना खाली उतरवा."

त्याचा आवाज ऐकून बाईंनी चावी काढली. वायरमनने बाटली उन्हात धरली. आत थेंबही नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला काजळीचा काळा डाग होता. ज्वाळा तिथपर्यंत येऊन गेली होती. शिकाऊ मुलीने विचारलं, "काका, माझं काही चुकलं का?" तो नट सोडवायला वाकला. पाना नटावर बसेना, तेव्हा बाईंनीच त्याच्या हातातून घेतला आणि तो सांगेल तसे नट सोडवले.

पाच दिवसांत सहा किटं निघाली. सातवी गाडी पिवळी व्हॅन होती. तिचा मालक एकदाच येऊन किट बसवून गेला होता. त्याचा नंबर वायरमनकडे नव्हता. गिऱ्हाइकांचे नंबर बायको ठेवायची.

हॉस्पिटलची पिशवी मेहुण्याने आणून दिली होती, ती अजून कोणी उघडली नव्हती. मुलीने तिच्यातून कंगवा काढला, चष्मा काढला, मग फोन काढून चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने तो सुरू झाला. नावांच्या यादीत टॅक्सी पाणी, लाँड्री पाणी, बाई पाणी अशी नावं होती. त्याखाली पिवळी व्हॅन पाणी. आणि तिच्या खाली पिवळी व्हॅन नवीन.

पहिला नंबर लगेच लागला.

"ती विकली हो, चार महिने झाले. ताईंना बोललो होतो की. घेणाऱ्याचा नंबरही दिला होता त्यांना."

"घेणारा राहतो कुठे?"

"ते नाही विचारलं. लांबून आला होता. बायको, म्हातारी आई, दोन लहान मुली, सगळे एकदमच आले आणि त्याच गाडीत बसून गेले. खूश होते."

"त्याला बाटलीबद्दल काय सांगितलंत?"

"सगळं सांगितलं. महिन्यातून एकदा पाणी बघायचं म्हणून."

वायरमनने फोन मुलीकडे दिला. "दुसरा लाव," तो म्हणाला. पण मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली होती.

"काय झालं?"

तिने फोन त्याच्यासमोर धरला. नवीन व्हॅनच्या नंबरावर बायकोने केलेल्या फोनांची यादी होती. एकाखाली एक. मुलीने मोजले, बत्तीस भरले. एकही उचलला गेला नव्हता. आधी सोमवार सोमवारचे होते, मग आठवड्यातून दोनदा, आणि हॉस्पिटलातल्या दिवसांत रोजचे. शेवटचा फोन दहाव्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी केलेला होता. तेव्हा तिला बोलायला दम पुरत नव्हता, असं नर्स नंतर म्हणाली होती.

वायरमनने स्वतःचा फोन काढला. त्या सकाळच्या यादीत बायकोचा फोन आहे का ते पाहिलं. नव्हता. त्याने आदल्या दिवशीचंही पाहिलं.

"बाबा, बसा जरा," मुलगी म्हणाली.

तो उभाच राहिला. बायकोच्या फोनवरून त्याने तो नंबर लावला. रिंग शेवटपर्यंत वाजली. त्याच्या फोनवरून लावला, तीही वाजली. मुलीने तिच्या फोनवरून लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो वाहन नोंदणीच्या ऑफिसात गेला. खिडकीवरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीचा नंबर विचारला. तो जुन्या मालकाने दिला होता. गाडी अजून नवीन माणसाच्या नावावर झालेली नव्हती. मेहुण्याने ओळखीच्या सगळ्या गॅरेजांना सांगून ठेवलं आहे. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला आहे.

सहा किटं काढून झाली आहेत. पिवळ्या व्हॅनमधलं काढायचं राहिलं आहे.