तिसऱ्या ओळीपासून

नंदकिशोर बोडसांना एक्सेल येतं, हे त्यांच्या विमा कंपनीच्या जयपूर ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सांगत सुटायचे. मूळचे सांगलीचे. बदली होऊन आले, विद्याधर नगरात फ्लॅट घेतला आणि राहिले ते राहिलेच. माणूस सरळ हो, पण एक खोड होती. जे तोंडाने बोलायचं ते हे लिहून काढायचे, आणि जे लिहायचं तेही शक्यतो एक्सेलच्या चौकटीत.

२००१ साली त्यांनी एक मॅक्रो रचला. एक्सेलमध्ये नातेवाइकांची यादी, बटण दाबलं की मॅक्रो ईमेलवाल्या आउटलुकला कामाला लावणार आणि आउटलुक एकेकाला संक्रांतीचं पत्र धाडणार. मायना ज्याचा त्याला, शेवटी ‘खास ओळ’ ज्याची त्याला. अलकाताई शेजारी बसून नावं सांगत होत्या. "लेकीचं आधी घाला," त्या म्हणाल्या. लेक भार्गवी तेव्हा पुण्याला शिकत होती. म्हणून यादीत पहिली भार्गवी, दुसरी अलकाताईंची धाकटी बहीण सुमन, मग बाकीचं खटलं.

पुढच्या वर्षी जुलैत अलकाताई गेल्या. आठ दिवस ताप काय आला आणि बाई गेलीच. आणि डिसेंबरात भार्गवीने लग्न ठरवलं, स्वप्नीलशी. वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, असं सुमनमावशीच म्हणाली होती. पण बोडस पेटले. "आईला जाऊन पाच महिने नाही झाले आणि तुला बाशिंग बांधायची घाई!" असं पोटच्या पोरीला बोलले. लग्नाच्या दिवशी मुद्दाम चाकसूच्या शाखेची तपासणी लावून घेतली आणि दिवसभर तिथे फायली चाळत बसले. पोरीचं कन्यादान मावशीने केलं.

नंतर पस्तावले. पस्तावणारच की! पण फोन उचलायचा म्हणजे हात जड. वर्षाचा दुखवटा संपला तशी २००४ची संक्रांत आली आणि त्यांना वाट सापडली. सणाचं पत्र तर सगळ्यांनाच जातं, त्यात कमीपणा कसला? भार्गवीच्या खास ओळीत त्यांनी लिहिलं, ‘झालं गेलं विसरून जा.’ बटण दाबलं. उत्तर आलं नाही. २००५ला लिहिलं, ‘माझं चुकलं.’ तीन दिवस खुर्चीवरून उठले नाहीत. उत्तर नाही. २००६ला लिहिलं, ‘स्वप्नीलरावांना घेऊन घरी ये, मी वाट बघतो.’ तेव्हाही नाही. मग त्यांनी मनाशी धरलं की पोरीने आपल्याला तोडलं. आता यापुढे बापाने काय करायचं, असं स्वतःलाच विचारायचे आणि जेवण अर्धवट टाकून उठायचे.

२००७ उजाडलं. रिटायर होऊन तीन महिने झाले होते. संक्रांतीला दोन दिवस होते. गच्च्यांवर सकाळपासून पतंगवाल्यांचा ‘वो काटा’चा गलका चालू झाला होता, आणि नेमका मॅक्रो अडला. जुना कॉम्प्युटर बसला होता, म्हणून नवा जोडून घेतला, तर त्या दुकानदार भैयाने आधीपेक्षाही जुनं आउटलुक टाकून दिलेलं. मॅक्रोला आपलं आउटलुकच सापडेना. बोडसांनी मॅक्रोचं पोट उघडलं, त्याला लागणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी काढली. आउटलुकच्या नावापुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं होतं. तिथली खूण काढली, खालच्या जुन्या नावावर केली, आणि गडी हलला.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी एफ-एट दाबत एकेक ओळ चालवायला घेतली. पिवळी पट्टी एका ओळीवरून दुसरीवर सरकते, मॅक्रो काय करतोय ते दिसतं. पहिलं पत्र तयार झालं. यंदा भार्गवीला काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्यावं, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

‘चि. सौ. सुमन हिस अनेक आशीर्वाद.’

"ही कशी आली?" बोडस मोठ्याने म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून चालवलं. पुन्हा सुमन. यादी बघितली. भार्गवी होती जागेवर, दुसऱ्या ओळीत, मथळ्यांच्या खाली. आणि मॅक्रो सुरू होत होता तिसऱ्या ओळीपासून.

तिसरी का? त्यांनीच लिहिली होती. कारण तेव्हा पहिल्या ओळीत ‘॥ श्री ॥’ होतं, दुसरीत मथळे, तिसरीत भार्गवी. मराठी माणूस वाण्याची यादीसुद्धा श्री लिहिल्याशिवाय सुरू करत नाही, मग ही तर घरच्यांची होती.

मग ते श्री गेलं कुठे?

आणि मग त्यांना आठवलं. अलका गेली तेव्हा कळवायचं म्हणून हीच यादी उघडली होती. मृत्यूच्या पत्रावर श्री घालत नाहीत. म्हणून त्यांनी श्रीची अख्खी ओळ काढून टाकली होती, आणि सगळी यादी एक घर वर सरकली होती. भार्गवी तेव्हा इथेच, आईच्या फोटोसमोर बसली होती. तिला पत्र गेलं की नाही, बघणार कोण? आणि पुढे गेलेल्या पत्रांत तरी कोण डोकावतं? पेटीत टाकलेलं पाकीट आपण हात घालून थोडंच बघतो!

तीन संक्रांती. त्यातलं एकही पत्र तिला गेलेलं नव्हतं. बोडसांना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. अरे, तिने तोडलं नव्हतं! तिला मिळालंच नव्हतं! त्यांनी फोन उचलला. चार वर्षांत पहिल्यांदा तो हात जड झाला नाही.

"हॅलो," भार्गवी म्हणाली.

"भार्गवी, मी बाबा. अगं, घोटाळा झाला बघ! ते श्री मी काढलं होतं ना, आई गेली तेव्हा, त्याने ओळ वर सरकली आणि मॅक्रो तिसरीपासूनच चालत राहिला. तुझं पत्र जातच नव्हतं गं! सगळ्यांना जात होतं, तुलाच नाही!"



"सगळ्यांना जात होतं ते माहितीये मला," ती म्हणाली. "सुमनमावशी तिचं मला पाठवायची. बघ, बाबांनी किती छान लिहिलंय म्हणून. पहिल्या वर्षी मी वाट बघितली. मला वाटलं, माझं उशिरा येईल. मग समजले, तुम्ही माझं नाव काढलंत."

"अगं, काढलं नव्हतं! सगळ्यात पहिलं होतं! मी ‘माझं चुकलं’ असंसुद्धा लिहिलं होतं त्यात!"

"मतलब, एक्सेलमध्ये?"

बोडसांनी पडद्यावरच्या पिवळ्या पट्टीकडे बघितलं.

"बाबा, फोन होता ना," ती हळूच म्हणाली. "मी नंबर बदलला नाही. स्वप्नील म्हणाला बदलू या, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त पडेल. मी नाही म्हटलं. बाळंतपणातसुद्धा उशाशी घेऊन झोपायचे. तुम्हीच विचाराल म्हणून मावशीलाही कळवू दिलं नाही. मशीन चुकलं हो, कबूल. पण मला मशीनकडून का सांगत होतात?"

बाळंतपण! बोडसांनी टेबलाची कड धरली. एवढे दिवस मनात घोळवलेलं सगळं राहिलं बाजूला, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "आता दुरुस्त केलंय मी. आता जाईल."

"बरं," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज विझल्यासारखा झाला होता.

तेवढ्यात पलीकडून एक चिमुकला आवाज आला. "आई, कोण आहे गं?"

"कोणी नाही, राणी," भार्गवी फोनपासून तोंड वळवून म्हणाली. "एका आजोबांचा कॉम्प्युटर बिघडला होता."