आकसपट्टी

पूर्वानं ‘टोनवूड’ हा शब्द काढला तेव्हा दशरथ चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, “हे कुठल्या झाडाला लागतं?”

“पप्पा, इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीचं लाकूड. त्याला टोनवूड म्हणतात.”

“म्हणणाऱ्याचं काय जातं?”

हे त्याचं नेहमीचं होतं. एकतीस वर्षं त्यानं एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काढली होती. लोखंड ओतायचं तर आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा काढतात. हे नमुने दशरथ करायचा, आणि असे करायचा की साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. मग कॉम्प्युटर आला, पॅटर्न शॉपला कुलूप लागलं आणि दशरथ येरवड्याच्या दोन खोल्यांत येऊन बसला. तेव्हापासून नऊ वर्षं तो बसल्या जागेवरून जगाला नापास करत होता. शेजाऱ्याचं कपाट म्हणजे भुसा आणि डिंक. विहारातलं नवं व्यासपीठ म्हणजे पंगतीचं टेबल. पूर्वानं इंजिनिअरिंग सोडून पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली, त्यावर तो म्हणाला होता, “चला, रक्त तरी काढता येतं म्हणायचं.” पोरगी त्यानंतर दोन महिने त्याच्याशी बोलली नव्हती, आणि हा गडी म्हणे घर कसं शांत झालं.

पूर्वा विहारातल्या पाच बायकांबरोबर भीमगीतं म्हणायची आणि साथीला गिटार वाजवायची. गिटार उसनी होती, आणि तिची मालकीण आता हैदराबादला बदलून चालली होती. चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी, स्टेजवर कार्यक्रम होता. नवी गिटार झेपणारी नव्हती, म्हणून पूर्वानं एकेक भाग जमवला होता: दांडा ऑनलाइन मागवलेला, तारांखालची चुंबकं कुणाच्या तरी जुन्या गिटारची. फक्त धड राहिलं होतं आणि त्यासाठी तीन हजार रुपये.

“तुम्ही येता का लाकूड बघायला?” तिनं विचारलं.

नऊ वर्षांत त्याला कुणी लाकडाबद्दल विचारलं नव्हतं. “बघू,” असं तुटक म्हणून तो आत गेला आणि त्यानं पलंगाखालची पेटी ओढली. त्याला आनंद झाला होता. तो चेहऱ्यावर दिसू देणं त्याला कमीपणाचं वाटलं, एवढंच.

पेटीत एका चामडी म्यानात दोन-दोन फुटांच्या दोन पोलादी पट्ट्या होत्या. एक साधी. दुसरी पॅटर्न शॉपची. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशेब नको म्हणून पट्टीवरचा फूटच मुळात एका सुतानं मोठा आखलेला असतो. कामगार तिला आकसपट्टी म्हणायचे. “आकस पट्टीत कुठला, तो माणसात आहे,” असं शैला, त्याची बायको, म्हणायची. पण शैलाचं बोलणं दशरथ कुकरच्या शिट्टीसारखं ऐकायचा, मोजायचा आणि विसरायचा. चष्मा त्यानं शोधला नाही. चष्मा हा चष्मेवाल्यांचा धंदा आहे असं त्याचं मत होतं. हाताला आली ती पट्टी त्यानं पिशवीत घातली.

आधी पूर्वानं त्याला कल्याणीनगरला नेलं. दुकानाला एसी होता आणि लाकडाचे तुकडे भिंतीवर देवासारखे लटकवलेले. मालक पुष्कर नावाचा तिशीतला गोरागोमटा मुलगा. त्यानं एक तुकडा बोटांत धरून टिचकी मारली आणि डोळे मिटले.

“ऐका, काका. सस्टेन ऐका, आवाज किती वेळ टिकतो ते.”

दशरथनं ऐकलं. “तारा कुठे आहेत?”

“नाही, हा लाकडाचा आवाज आहे.”

“मग मुली, तू चुंबकं कशाला घेतलीस? याला टिचक्याच मारत बस की स्टेजवर.”

किंमत अठरा हजार होती. दशरथनं तो तुकडा उलटा केला, कडेला अंगठ्याचं नख दाबलं आणि जागेवर टांगला. “परदेशातून आलंय म्हणून व्हिसाचे पैसे लावलेत वाटतं,” तो म्हणाला. जिना उतरताना पूर्वा हसली. ती त्याच्या बोलण्यावर हसल्याला किती वर्षं झाली हे त्याला सांगता आलं नसतं, पण तो दोन पायऱ्या जरा ताठ्यात उतरला.

“हे बघ,” स्कूटरवर मागे बसून तो तिच्या कानाशी ओरडत राहिला, “आवाज तारांचा आणि चुंबकांचा. लाकडाचं काम एकच, गप्प बसायचं आणि वाकायचं नाही. माणसांनासुद्धा जमत नाही ते.”

टिंबर मार्केटमध्ये तर त्याला ऊतच आला. पहिल्या वखारीत आंबा दाखवला. दशरथनं फळी आपटली, तळाशी पिठासारखी भुकटी पडली. “किडे फुकट देता की वेगळे लावता?” दुसऱ्या वखारीत पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन होतं. नख रुतलं, खूण राहिली. “यात स्क्रू धरणार नाही. पट्टा अडकवलास की गिटार जमिनीवर आणि तू पट्टा घेऊन उभी.” तिसऱ्यानं अर्थातच सागवान काढलं. पुण्यातल्या माणसाला झोपेतून उठवून लाकडाचं नाव विचारलं तर तो सागवान म्हणेल आणि परत झोपेल. “दोन तास गळ्यात अडकवायचंय तिला,” दशरथ म्हणाला, “दरवाजा नाही बसवायचा.”

पूर्वा प्रत्येक ठिकाणी मागे राहून हळूच ‘थँक यू, काका’ म्हणत होती. त्याला ते ऐकू येत होतं आणि आवडत नव्हतं.

चौथी वखार हिंमतरावांची. सत्तरीचा, सावकाश माणूस. दारात खुर्ची टाकून बसलेला आणि डोक्यावर दोन पाट्या. ‘लाकूड ठोकून पाहू नये. कळत असेल तर हात लावूनही कळते.’ आणि त्याखाली, ‘कापलेले लाकूड परत घेतले जाणार नाही.’

दशरथनं पाट्या वाचल्या आणि ठोकलं नाही. कोपऱ्यातल्या एका फिक्या पिवळट फळीवरून त्यानं तळहात फिरवला. हाताला हलकी, रेशमासारखी. त्यानं ती डोळ्याच्या रेषेत धरून, एक डोळा मिटून पाहिली. केसभर वाक नव्हता.

“शिवण,” तो म्हणाला.

“शिवण,” हिंमतराव म्हणाले. “दोन वर्षं सावलीत वाळलीय. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी नावानं हाक मारली तिला.”

दशरथ पूर्वाकडे वळला. आवाज वेगळाच लागला होता त्याचा. “याचे आम्ही नमुने करायचो. पाळणे करतात याचे, ढोलक्या करतात. फुगत नाही, पिळत नाही. दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवू, सांधा शोधून सापडणार नाही. हेच घे.”

भाव झाला तो पूर्वाच्या तीन हजारांत बसून उरला. खरं तर इथं गोष्ट संपायची. पण दशरथला कुणी पुरं उतरलेलं सोसत नसे. हिंमतराव म्हणाले, “सहा फूट पूर्ण आहे,” आणि त्यानं पिशवीतून पट्टी काढली.

तीनदा पट्टी ठेवली, पेन्सिलीनं खुणा केल्या. शेवटची खूण लाकडाबाहेर गेली.

“पाऊण इंच कमी,” दशरथ म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. वखारीत चार गिऱ्हाइकं होती, ती वळली.

“नसणार.”

“माप माझं आहे, मालक. सहा सुतं खाल्लीत तुम्ही.”

हिंमतरावांनी आपली टेप ओढली. सहा फूट, बरोबर.

“टेप काय, ताणली की वाढते. तुम्हीच ताणायची, तुम्हीच वाचायची.” दशरथनं पट्टी हवेत धरली. “हे पोलाद आहे. फाउंड्रीतलं. ते तुमच्यासारखं बोलत नाही. पाट्या लावून शहाणपण शिकवता आणि पाऊण पाऊण इंच चोरता लोकांचं.”

“पप्पा,” पूर्वा म्हणाली.

“तू थांब. यांची वखार अशीच उभी राहिलेली असते.”

हिंमतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यांनी हात पुढे केला, पट्टी घेतली, उन्हाकडे तिरपी करून पाहिली आणि परत दिली.

“छान आहे. आपण कुठल्या खात्यात होतात?”

“पॅटर्न शॉप. एकतीस वर्षं.”

“असं,” हिंमतराव म्हणाले. त्यांनी फळी करवतीवर नेऊन हवे तसे तुकडे केले, वर शिवणचाच एक हातभर तुकडा गठ्ठ्यात घातला. “हा आपल्या पाऊण इंचाचा. घरी गेल्यावर सावकाश मोजा.” मग पावती लिहिली, ती मात्र पूर्वाच्या हातात दिली.

दशरथ लढाई जिंकल्यासारखा स्कूटरवर बसला. “बघितलंस? चोराच्या मनात चांदणं. तुकडा कसा गुपचूप काढून दिला.” पूर्वानं पावती खिशात घातली आणि स्कूटर चालू केली.

घरी आल्यावर त्यानं जमिनीवर सतरंजी अंथरली, लाकूड मांडलं. पूर्वानं धडाचा आराखडा छापून आणला होता. छपाई बरोबर आहे की नाही हे तपासायला त्याच्या कडेला एक फुटाची रेघ असते. दशरथनं पट्टी लावली. रेघ एक सूत कमी.

“तुझ्या प्रिंटरवाल्यानंसुद्धा खाल्लं,” तो खूश होऊन म्हणाला.

मग त्यानं गिटारचा दांडा घेतला. सोबतच्या कागदावर दांड्याची लांबी दीड फूट लिहिली होती. मोजली. दीड सूत कमी.

“चीनचा माल. तिथंही हेच.”

हे म्हणताना त्याची जीभ मध्येच अडखळली. फळी फुटामागे एक सूत. कागद फुटामागे एक सूत. चीन फुटामागे एक सूत. चोर इतका नेमका चोरत नाही. फुटामागे एक सूत आकसणारी जगात एकच वस्तू त्याला माहीत होती, आणि तीही आकसत होती ती भट्टीतून निघाल्यावर.

“चष्मा कुठे आहे माझा?” त्यानं विचारलं.

शैलानं टीव्हीवरचा चष्मा आणून दिला. पट्टीच्या टोकाला, भोकाशेजारी, झिजलेली अक्षरं होती. त्यानं ती वाचली. या मापानं कापलं असतं तर तारा टेकायची जागा सरकली असती, आणि गिटार जन्मात सुरात लागली नसती. पण ते त्याच्या मनात नंतर आलं. आधी आले ते हिंमतरावांचे लाल झालेले कान.

पूर्वा समोर बसून दांड्याचे स्क्रू मोजत होती. म्यान हाताशी होतं. पट्टी बदलली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

“पूर्वा,” तो म्हणाला, “ही आकसपट्टी आहे.”

“हो.”

“हो म्हणजे?”

“मला वखारीतच कळलं.” तिनं वर पाहिलं नाही. “सहावीत मी हीच नेली होती शाळेत. भूमितीत शून्य मिळालं. तुम्ही शाळेत जाऊन बाईंना सगळ्यांसमोर बोललात, की पोरीला शिकवता येत नाही तर म्हशी राखा. घरी आल्यावर पट्टी बघितलीत आणि म्यानात ठेवून दिलीत. बाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.”

“मग आज बोलली का नाहीस?”

“कधी बोलायचं होतं, पप्पा? तुम्ही म्हणालात, तू थांब.”

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. दशरथला कुणाला तरी नावं ठेवावीशी वाटली, फार वाटली, पण समोर कुणी उरलं नव्हतं. त्याला लाज वाटली. साधी, उघडी, लहान मुलासारखी लाज.

पूर्वानं खिशातून पावती काढून त्याच्यापुढे ठेवली. हिंमतरावांचं वळणदार अक्षर होतं: ‘शिवण फळी, ६ फूट (सरकारी फुटाने).’

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथ तो हातभर तुकडा घेऊन वखारीच्या दारात उभा राहिला. पूर्वानं स्कूटर लावली आणि लांबच थांबली. हिंमतराव खुर्चीवर होते, वखार नुकतीच उघडली होती.

“मोजलंत?”

“मोजलं.” दशरथनं तुकडा पुढे केला.

हिंमतरावांनी बोट वर पाटीकडे केलं. “लाकूड परत घेत नाही.”

“लाकूड राहू द्या. माझे कालचे शब्द परत घ्यायला आलोय.” तो थांबला. “माप बरोबर होतं. पट्टी माझी खोटी होती, आणि तोंडही.”

हिंमतरावांनी रिकाम्या वखारीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“काल बोललात तेव्हा इथं चार गिऱ्हाइकं होती,” ते म्हणाले. “आज मी एकटाच आहे. थांबा. साडेदहाला लोक येतात.”

दशरथ फळ्यांच्या थप्पीवर बसला, तुकडा मांडीवर घेऊन. पूर्वाची लॅब साडेनऊला उघडायची. तिनं घड्याळ पाहिलं, लॅबला फोन केला की आज उशीर होईल, आणि येऊन त्याच्या शेजारी बसली.