गाईच्या हाडाची माळ

"सर, तुम्ही घरी कुठल्या भाषेत बोलता?"

प्रश्न माझा नव्हता. देदे आणि एसिवी या माझ्या वर्गमैत्रिणी. त्यांनी मधल्या सुट्टीत आंब्याखाली बसून तो ठरवला आणि माझ्या हातात दिला. "हिंमत असेल तर विचार मुख्याध्यापकांना," देदे म्हणाली. हिंमत तर माझ्याकडे तेव्हा वाटायला काढावी इतकी होती. दोन वर्षांपूर्वी घानातून सरहद्द ओलांडून लोमेला शिकायला आले तेव्हा फ्रेंचमध्ये मला 'हजर' एवढंच म्हणता यायचं. आता मी मोटारसायकलवाल्यांशी भाड्यावरून फ्रेंचमध्ये भांडत होते आणि जिंकत होते. असल्या मुलीशी कुणी पैज लावतं का? पण त्यांनी लावली.

आमच्या शाळेच्या आवारात एवे, म्हणजे आमची घरची भाषा, बोलायला बंदी आहे; फक्त फ्रेंच. देदेच्या घरी एवे, एसिवीच्या घरी एवे, सरहद्दीपलीकडे घानात माझ्या घरीही एवेच. बाबांचं सरहद्दीला लागूनच अफ्लाओला सिमेंटचं दुकान, आणि गिऱ्हाईक म्हणजे उत्तरेकडच्या देशांतून येणारे फ्रेंच बोलणारे ट्रकवाले. म्हणून त्यांनी मला इकडे आत्याकडे ठेवलं. पोरगी फ्रेंच शिकेल, मग नर्स होईल, असा त्यांचा हिशेब. नर्सचं स्वप्न माझं होतं, फ्रेंचचं त्यांचं, पण दोन्ही एकाच रस्त्यावर होतं.

तर, आवारात एवे बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात दोरीत ओवलेलं गाईचं हाड पडतं. त्याला सगळे सिग्नल म्हणतात. गळ्यात पडलं की आपण दुसऱ्याला पकडायचं आणि ते त्याच्या गळ्यात ढकलायचं. शेवटच्या घंटेला ते ज्याच्याकडे असेल त्याने संडास धुवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं. पहिल्या वर्षी ते हाड माझ्याच गळ्यात मुक्कामाला असायचं. त्या वर्षी मी नापासही झाले.

त्या दिवशी मुख्याध्यापक दोसे सर आमचा तास बघायला आले होते. जाताना म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मी उभी राहिले आणि विचारलं. शाळेच्या फाटकाबाहेर आत्याचा खाण्याचा गाडा असतो, तिथे आयिमोलू वाढताना पळी भांड्याला लागल्याचा आवाज वर्गात ऐकू आला. भात-चवळी संपत आली की तो आवाज बदलतो.

सरांनी चष्मा काढून पुसला. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "फ्रेंचही छान झालंय तुझं." मग त्यांनी सिग्नल मागवला आणि स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातला. "सत्र संपेपर्यंत हा इथेच राहील. दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही."

सुरुवातीला मी राणी होते. लहान वर्गातली मुलं मला बघायला यायची. एसिवीने हाड हातात घेऊन म्हटलं, "यायरा, तुला शोभतं गं, कानातलेही करून घे." मी मान वर करून फिरायचे. संडास धुताना गाणी म्हणायचे, फ्रेंचमध्येच, उगाच कुणी काही म्हणायला नको.

मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. हाड माझ्या गळ्यात पक्कं, म्हणजे बाकी कुणाच्या गळ्यात ते येऊच शकत नव्हतं. सगळी शाळा एवे बोलायला लागली. आंब्याखाली, नळावर, रांगेत, सगळीकडे. अशा गप्पा, असे टोमणे, असं हसणं त्या आवारात मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आणि मी, जिच्यावर सगळ्यांचा डोळा, मी तेवढी फ्रेंच बोलायची. कुणी एवेत विनोद केला की मी फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचे, आणि तोवर सगळे पुढच्या विनोदावर गेलेले असायचे. शेवटी मी उत्तर देणं सोडलं.

पहिला तास बहुतेक दिवशी गणिताचा. खिडकीबाहेरून फळ्याचा अर्धा भाग दिसायचा.

मी देदेला म्हटलं, "चल ना, तिघी मिळून सरांकडे जाऊ. पैज आपली तिघींची होती."

"आणि ते म्हणाले, बरं, काढ, तर?" देदे एवेत म्हणाली. "मग ते परत आमच्या गळ्यात फिरणार. राहू दे ना, यायरा. तुला सवय झालीय."

"माझं गणित जातंय."

"माझी वही घे."

"उभ्या उभ्या?"

एसिवी हसली. देदे हसली नाही, पण उठलीही नाही. तिची वही मी घेत राहिले. आकडे उतरवता येतात, समजत नाहीत.

शेवटी आत्याच गेली. चांगलं लुगडं नेसून, कोंबडी काखेत धरून. मी दाराशी उभी. दोसे सर उठून उभे राहिले आणि एवेत सुरू झाले. "घरचे कसे आहेत? मुलं? तुमचे भाऊ? पलीकडचे सगळे? रात्री झोप लागली ना?" आत्यानेही एकेक विचारून परतवलं. बराच वेळ चाललं ते, मोठ्या माणसांत चालतं तसं, फार गोड. मग आत्या म्हणाली, "सर, पोर चुकली. पण तिचा अभ्यास बुडतोय."

"आत्याबाई, मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. "म्हणूनच. हुशार मुलीला सूट दिली तर मग बाकीच्यांना काय सांगू? तिने सगळ्यांसमोर माफी मागावी."

मी सोमवारी झेंड्यापाशी माफी मागितली. इतकं सुंदर फ्रेंच मी आयुष्यात बोलले नव्हते. सरांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "बघा, असं बोलावं." आणि हाड तिथेच राहिलं, कारण सत्र संपायचं होतं.

जूनमध्ये निकाल आवारात वाचला जातो. पालक सावलीत, मुलं उन्हात. पुढच्या परीक्षेच्या वर्गात जाणाऱ्यांची नावं वाचतात. ज्याचं वाचलं नाही त्याला कळतं. देदेचं वाचलं, एसिवीचं वाचलं. वीसपैकी दहा लागतात, मला नऊही नव्हते. सरांनी माझ्या गळ्यातून हाड काढलं आणि खिशात ठेवलं. "सप्टेंबरात पुन्हा याच वर्गात बस," ते प्रेमाने म्हणाले. "जागा ठेवतो तुझ्यासाठी."

मी त्याच दिवशी पायीच सरहद्द ओलांडून घरी आले. दुकानात नायजरचा एक ट्रकवाला बसला होता. बाबा म्हणाले, "आली बघा माझी फ्रेंच. बोल गं त्यांच्याशी." मी बोलले. तो म्हणाला, ही तर तिकडचीच वाटते. बाबांनी त्याला पाच पोती जास्त विकली.

जेवताना आईने माझ्या ताटात मासा वाढला. "नर्सिंगला किती वर्षं राहिली आता?"

"आई, बाबा," मी म्हटलं, "मी लोमेला परत जाणार नाही. इकडच्या शाळेतही जाणार नाही. मी शाळा सोडली."